पाचव्या घराचं नाव

९ सप्टेंबर २०१८

बाबा,

हे पत्र कामाचं आहे. म्हणून हवापाण्याच्या सुरुवातीच्या चार ओळी गाळते. तुम्हाला त्या आवडत नाहीत आणि मला जमत नाहीत.

इथे चोश्यूत समुद्राकाठी एक निवासी शाळा आहे. मासाओमी तिथेच गणित शिकवतो. शाळेतली मुलं चार घरांत वाटलेली आहेत. राहणं, जेवणं, खेळाचे सामने, सगळं घराघरानं चालतं. प्रत्येक घराला एका जुन्या शहराचं नाव आहे: नारा, कामाकुरा, दाझाइफू, हिराइझुमी. मुलं वाढली म्हणून पाचवं घर बांधायचं ठरलं, आणि त्याच्या लाकडी सांगाड्याचं गणित आमच्या कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

ते करताना माझ्याकडून एक चूक झाली. छपरावर किती बर्फ साचेल असं धरायचं, ते गावागावासाठी ठरलेलं असतं. मी आपल्याकडचा, आइझूचा आकडा धरला. इथे बर्फ पडला तर घोट्याएवढा पडतो आणि दुपारपर्यंत टिकत नाही. मी छातीएवढ्या बर्फाच्या हिशेबाने तुळया लावून बसले. चूक आमच्या कचेरीतल्या तोकुनागासाननी पकडली, आणि ती शाळेच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितली.

“बाई, हे घर तुम्ही इथे बांधताय की आइझूत? ह्या तुळयांवर रणगाडा चढवला तरी वाकायच्या नाहीत.”

सगळे हसले. मीही हसले असं मला वाटतं. मुख्याध्यापक कुनिएदा सर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, “आइझू. नाव चांगलं आहे.”

तुळया मी नंतर बारीक केल्या. नाव तसंच राहिलं.

आता अडचण सांगते. नुसतं नाव उचलायचं नाही, असा ह्या शाळेचा पहिल्यापासूनचा नियम आहे. त्या शहरातल्या कुणीतरी हो म्हणावं लागतं. नाराच्या वेळी एका म्हाताऱ्या पुजाऱ्याने हो म्हटलं होतं, कामाकुराच्या वेळी एका निवृत्त शिक्षिकेने. आइझूच्या बाबतीत कुनिएदा सर बैठकीत म्हणाले, “दीडशे वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या फौजांनी त्यांच्या किल्ल्यावर महिनाभर तोफा डागल्या. आता त्यांचंच नाव आपण चोश्यूवाल्यांनी दारावर लावायचं. विचारायला तोंड कुणाचं आहे?” मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आइझूत माझ्या ओळखीचं, ज्याच्या शब्दाला वजन आहे असं, माणूस एकच आहे.

तुमचं हो किंवा नाही, एवढंच हवं आहे. कारण देण्याची गरज नाही. पत्र लिहायचं नसेल तर आईकरवी कळवा.

मी बरी आहे. काम भरपूर आहे.

सायो


२८ ऑक्टोबर २०१८

बाबा,

उत्तर आलं नाही, म्हणजे नाही, असं मी धरलेलं नाही. मोजमाप हाती आलं नसेल तर त्या जागी शून्य लिहायचं नसतं, जागा रिकामी सोडायची असते.

परवा आईचा फोन होता. मी विचारलं, “वाचलं का त्यांनी?”

“चष्मा लावून संडासात घेऊन गेले. तिथे ते फक्त महत्त्वाचंच वाचतात.”

“मग?”

“मग काय. बाहेर आले आणि म्हणाले, रात्रीला काय केलंयस.”

उन्हाळ्याच्या तोंडावर सासूबाईंनी त्यांच्या झाडाची मोठी संत्री पाठवली होती, त्याचंही मी विचारलं. आई म्हणाली, तुम्ही पेटी उघडू दिली नाहीत, शेजाऱ्यांना वाटून टाक म्हणालात, चोश्यूची संत्री आंबट असतात म्हणून.

“त्यांना कसं कळलं?”

“तेच मी विचारलं. तर बागेत निघून गेले.”

सासूबाईंना मी फक्त ‘पोचली’ एवढं सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी गोड झाडाची पाठवते. त्यांच्याकडे गोड झाड नाही.

इथे यंदा रस्तोरस्ती फलक आहेत, नव्या युगाला दीडशे वर्षं झाल्याचे. आपल्याकडच्या स्टेशनावर युद्धाला दीडशे वर्षं झाल्याचा फलक लावलाय, असं आई म्हणाली. वर्ष एकच आहे.

घराचा सांगाडा उभा राहिला. जुन्या चार घरांतून चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली, ती एप्रिलपासून ह्या पाचव्या घरात जातील. मुलांना ते आवडलेलं नाही. नाव अजून ठरलेलं नाही, पण शाळेत काही लपून राहत नाही. गेल्या आठवड्यात मी शिडीवर चढून तुळयांचे जोड तपासत होते आणि खाली मुलांचा एक घोळका जमला होता.

“हरलेल्यांच्या घरात चाललीस? सामन्यांत आधीच पांढरं निशाण घेऊन ये.”

“तू गप रे. तुमचं कामाकुरा तरी कुठे जिंकलेलं आहे?”

“आमचं निदान जळलं नाही.”

ज्या मुलीला चिडवत होते ती एकटी मागे राहिली. मिनोरी तिचं नाव, वय बारा. तिचे आजोबा ह्याच किनाऱ्यावर मासेमारी करतात. ती शिडीच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

“तुम्ही गणिताच्या कुनिशिगे सरांच्या मिसेस ना? आइझूच्या?”

“सरांची बायको आहे.”

“तिकडचे लोक आमच्यावर अजून चिडलेले आहेत?”

“काही जण.”

“तुमच्या घरी?”

मी बोल्ट तपासत होते. “हो.”

“मग तुम्ही सरांशी लग्न कसं केलंत?”

“चिडलेली मी नव्हते.”

तिने त्यावर विचार केला. “माझी आजी माझ्या काकूवर सात वर्षं चिडलेली आहे,” ती म्हणाली. “पण त्या दोघी जिवंत आहेत.”

मी खाली उतरेपर्यंत ती गेली होती. जोड सगळे नीट आहेत.

तुम्ही हो म्हणावं म्हणून हे लिहिलेलं नाही. परिस्थिती काय आहे ते तुम्हाला माहीत असावं, इतकंच.

सायो


१६ डिसेंबर २०१८

बाबा,

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. लिहिली असती तर तुम्ही पत्र तिथेच मिटलं असतंत, म्हणून.

प्रत्येक घराला एक चिन्ह असतं. नाराला हरीण आहे, हिराइझुमीला कमळ. पाचव्या घरासाठी इथल्या चित्रकलेच्या बाईंनी पांढरा वाघ काढला आहे. त्या तरुण आहेत, चांगल्या आहेत, आणि त्यांना आइझूबद्दल खरोखर आदर आहे. मला चित्र दाखवताना त्यांचे डोळे भरले होते. “त्या युद्धात लढलेल्या वाघ पथकातली ती मुलं, सोळा-सतरा वर्षांची, केवढी शूर,” असं म्हणाल्या. चित्र उत्तम आहे. मुलांनी त्याचे बिल्लेसुद्धा करून घेतलेत.

मला तुमच्याबरोबरच्या फेऱ्या आठवत होत्या. दर वसंतात तुम्ही मला त्या मुलांच्या थडग्यांच्या टेकडीवर न्यायचात. तिथे लोक शौर्याबद्दल बोलायचे, फोटो काढायचे, काही जण रडायचे. तुम्ही मला जिथून किल्ला दिसतो त्या जागी उभं करायचात आणि दर वर्षी तेच सांगायचात. किल्ला पडला नव्हता. धूर गावातला होता. मुलांना वाटलं सगळं संपलं, आणि त्यांनी पोटात सुरे खुपसून घेतले. कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. एवढं बोलून तुम्ही खाली उतरायला लागायचात आणि मला मागून पळावं लागायचं.

हे मी बाईंना सांगू शकले असते. सांगितलं नाही, कारण सांगण्याचा हक्क मला आहे की नाही ते मला ठरवता आलं नाही. आता त्याच मुद्द्यावर येते.

कुनिएदा सरांनी परवा मला बोलावलं. नावाची फळी कोरायला नव्या वर्षात द्यावी लागेल. तोवर कुणाचा होकार आला नाही तर घराला कानाझावा नाव देतील. तिथले एक डॉक्टर सरांच्या ओळखीचे आहेत, ते फोनवरच हो म्हणतील.

“मला एक कळत नाही,” सर म्हणाले. “तुम्ही स्वतः आइझूच्या. तुम्हीच हो म्हणा की.”

“माझं चालणार नाही.”

“का?”

मी कारण दिलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मासाओमी आपल्याकडे आला. तुम्ही त्याला चहा दिलात, मुळ्याचं लोणचं पुढे केलंत, रस्ता कसा होता ते विचारलंत. मग गाव विचारलंत. त्याने सांगितलं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात, बूट चढवलेत आणि फावडं घेऊन बाहेर गेलात. आम्ही तिघं आत बसून राहिलो. आई सारखी त्याच्या कपात चहा ओतत होती. तासाभराने बाहेर आलो तर तुम्ही त्याच्या गाडीमागचा सगळा बर्फ काढला होता, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. आयुष्यभर सरकारी यंत्राने रस्ते मोकळे केलेत, पण हाताने एवढं काम करताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. जायला वाट करून दिली होतीत.

मासाओमी म्हणतो, त्यांनी मला हाकललं हे खरं, आणि माझी गाडी अडकू नये म्हणून राबले हेही खरं. मी म्हणते, दोन्ही एकदम खरं कसं असेल, तू गणिताचा मास्तर ना. तो म्हणतो, म्हणूनच सांगतोय.

तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, “तिकडे गेलीस की तू आइझूची नाहीस. मग आइझूच्या वतीनं तोंड उघडू नकोस.”

मी तोंड उघडलेलं नाही. इथे कुणी आपल्याकडच्या दारूबद्दल विचारलं, किल्ल्याबद्दल विचारलं, तरी मी म्हणते, पुस्तकात बघा. नियम कुणीही घालून दिलेला असो, तो आहे तोवर पाळायचा, हे मला शाळेत शिकवलेलं नाही, घरी शिकवलंय. त्यामुळे मी हो म्हणू शकत नाही. आणि वाघाला नाहीसुद्धा म्हणू शकत नाही.

तुम्ही दोन्ही म्हणू शकता.

बर्फ सुरू झाला असेल. तुमच्या कमरेचा पट्टा वरच्या खणात डावीकडे आहे. आईला सापडत नाही, असं ती म्हणत होती.

सायो


१७ फेब्रुवारी २०१९

बाबा,

तुम्ही शाळेत फोन केलात, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. आपल्या घरात सगळं असंच कळतं, त्यामुळे तक्रार नाही.

रविवार होता आणि शिक्षकांच्या खोलीत मासाओमीची पाळी होती. त्याने मला सगळं सांगितलं, पण तो आनंदात असला की क्रम चुकवतो. म्हणून मी जुळवून लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

तो म्हणाला, “कुनिशिगे बोलतोय.” मग फोन तुटला असं त्याला वाटलं.

“कोण कुनिशिगे?”

“तोच.”

“हं. बर्फ आहे का तिकडे?”

“नाही. ऊन आहे.”

“फेब्रुवारीत ऊन,” असं तुम्ही म्हणालात, जणू ते त्याने पाडलं होतं. मग विचारलंत, “मुख्याध्यापक आहेत?”

“आहेत. देतो.”

“थांब. ती वेळेवर जेवते का?”

“नाही.”

“मग तू काय करतोस तिथे?”

“गणित शिकवतो,” असं उत्तर ह्या माणसाने दिलं. का दिलं ते त्यालाही सांगता येत नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला तो माझ्यापुढे ताट ठेवून समोर बसतो. मी संपवेपर्यंत उठत नाही.

पुढचं मला कुनिएदा सरांनी सांगितलं. ते फोनवर उभं राहून बोलले आणि मधूनमधून वाकून नमस्कार करत होते, असं मासाओमी म्हणतो. सर म्हणतात, तसं काही नव्हतं.

“निहेइसान, आम्ही आपल्या होकाराची वाट बघतोय.”

“मला कशाला विचारता? तुमच्या हाताशी आइझूचं माणूस आहे ना?”

“त्या म्हणतात, त्यांचं चालणार नाही.”

“तिला तसं कुणी सांगितलं?”

“ते त्या सांगत नाहीत.”

मग म्हणे मागे आईचा आवाज येत होता, ती काहीतरी पुटपुटत होती, आणि तुम्ही तिला ‘बोलतोय ना’ म्हणालात.

“तिला सांगा, ज्यानं सांगितलं त्याला तो अधिकार नव्हता.”

“आणखी काही निरोप?”

“तिचं हो ते हो. तिचं नाही ते नाही. मला पुन्हा विचारू नका. छपरावर बर्फ आहे, मला काम आहे.”

मी सरांना हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ते सांगत होते तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मी लगेच हो म्हटलं नाही. सर गोंधळले. एवढे महिने होकारासाठी थांबून आता आठवडा कसला मागता, म्हणाले. पण अधिकार हातात आला की आधी जागेवर जाऊन तपासणी करायची असते. फळी कोरणाऱ्याला त्यांनी थांबवून ठेवलं.

आधी मी चित्रकलेच्या बाईंकडे गेले. त्यांना टेकडीबद्दल सांगितलं, धुराबद्दल सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग मी इतकी वर्षं काय शिकवत होते?” त्यांना वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, चित्र उत्तम आहे, ते खरंच आहे. सांत्वन मला ह्यापेक्षा बरं जमत नाही. मग त्या स्वतःच म्हणाल्या, मुलांना तुम्ही सांगा, मी बरोबर येते.

पाचव्या घरात अजून रंगाचा वास आहे. मुलं जमिनीवर बसली. छातीवर वाघाचे बिल्ले होते. तुम्ही जसं सांगायचात तसंच सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. वाघ पथकातली मुलं ह्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्यांच्या वयाची होती. किल्ला पडला नव्हता. मग मागून एक जण म्हणाला, “पण वाघ भारी होता.”

“भारी आहे,” मी म्हटलं. “तरी नको.”

“मग काय?”

मी लाल बैल म्हटलं. आपल्याकडचा, कागदाच्या लगद्याचा, डुलत्या मानेचा, लहान मुलांच्या उशाशी ठेवतात तो. माझ्या उशाशीही होता हे मी त्यांना सांगितलं नाही.

“बैल? नाराला हरीण आणि आम्हाला बैल?”

“आता कामाकुरावाले आम्हाला जगू देणार नाहीत.”

“त्याची मान सारखी हलते ना? म्हणजे कुणी काही म्हटलं की हो?”

“नाही,” मी म्हटलं. “तो ऐकून घेतोय, एवढंच. हो म्हणायला त्याला वेळ लागतो.”

“किती वेळ?”

“दीडशे वर्षं,” मिनोरी म्हणाली, आणि सगळी हसली. बाईही हसल्या. दोन-तीन जणांनी तिथल्या तिथे माना हलवून दाखवल्या. बिल्ले मात्र कुणी काढले नाहीत. मी काढायला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर एक बशी होती आणि तिच्यात सगळे बिल्ले होते, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

मग मी सरांकडे गेले.

“नावाला हो,” मी म्हटलं. “वाघाला नाही. आणि उद्घाटनाच्या भाषणात समेट, मैत्री असे शब्द येता कामा नयेत. तो विषय वेगळा आहे, त्याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. विचारलंत तर अजून लवकर आहे, असं मी सांगेन.”

सर म्हणाले, “तुमच्या वडिलांनीही हेच सांगितलं असतं.”

“माहीत आहे.”

फळी काल दारावर चढली. अक्षरं खोल आहेत, माप बरोबर आहे. डावीकडची खुंटी मी पुन्हा ठोकून घेतली. मिनोरी बघायला आली होती.

“आता मी आइझूची?” तिने विचारलं.

“ह्या दाराच्या आत राहशील तोवर. बाहेरही, हवं असेल तर.”

“म्हणजे मला चोश्यूवाल्यांवर चिडायला लागेल?”

“तसा काही नियम नाही.”

“पण आइझूचे चिडतात ना. मग मी चिडायचं कुणावर? माझ्या आजोबांवर? ते तर रोज मला मासे पाठवतात.”

शेजारी उभ्या मासाओमीने डोकं खाजवलं. उद्घाटन ७ एप्रिलला आहे, रविवारी, सकाळी दहाला. ज्यांच्या शहराचं नाव असतं तिथल्या एका माणसाला पहिल्या रांगेत बसवायची इथे पद्धत आहे. मला त्या दिवशी छपराखाली उभं राहून लोकांना बांधकाम दाखवायचं आहे, त्यामुळे ती खुर्ची रिकामी आहे. आईसाठी शेजारची आहे.

मिनोरीला मी सांगितलंय की माझे बाबा येतील, त्यांना विचार. तिला अर्धवट उत्तर चालत नाही. तयारी करून या.

तुमची
सायो